ट्रेंटची परिषद, गोव्यातील मिशन आणि मराठवाडा

प्रश्न (अंबाजोगाईचा अध्यापक)

नमस्कार. मी अंबाजोगाईत पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवतो. आमच्या पाठ्यपुस्तकात सोळाव्या शतकातील कॅथॉलिक चर्चचा इतिहास दीड पानात आटोपतो. १५१७ मध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने पोपच्या चर्चला आव्हान दिले, त्याला उत्तर म्हणून ट्रेंटची परिषद (कॅथॉलिक बिशपांची धर्मसभा) भरली आणि जेझुइट हा धर्मगुरूंचा संघ उभा राहिला, एवढाच त्याचा सारांश. हे सारे केवळ ल्यूथरच्या धास्तीने घडले का, असे एका विद्यार्थिनीने विचारले. दुसरी शंका माझी स्वतःची आहे. जेझुइट मिशनरी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला, पण जालन्याजवळचे बेथेल हे ख्रिस्ती गाव मात्र एकोणिसाव्या शतकात, तेही स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनच्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींच्या प्रयत्नांतून वसले. मधली तीन शतके गोव्याची ती चळवळ आपल्याकडे का पोहोचली नाही?

उत्तर १ (परळीकर)

सर, आपल्या विद्यार्थिनीची शंका रास्त आहे. जेनोआ येथे पुरोहित आणि गृहस्थ मिळून रुग्णसेवा व प्रार्थना करणारे मंडळ १४९७ मध्येच स्थापन झाले होते. स्पेनमध्ये कार्डिनल सिस्नेरोस यांनी ल्यूथरच्या आधीच मठांना शिस्त लावली होती आणि अल्काला येथे विद्यापीठ उभारून बायबलच्या मूळ भाषांतील पाठांचे संपादन सुरू केले होते. सुधारणेची तळमळ होती. तिच्यामागे रोमचे बळ नव्हते, आणि ते बळ उभे राहण्यास ल्यूथरचा धक्का नक्कीच कारणीभूत ठरला.

ट्रेंटची परिषद १५४५ ते १५६३ या काळात, मध्ये मोठे खंड पडत, तीन टप्प्यांत भरली. तिने प्रॉटेस्टंट मतांचे खंडन केले हे आपण शिकवतोच. पण माझ्या मते तिचे अधिक टिकाऊ काम प्रशासनाचे होते. बिशपने आपल्या धर्मप्रांतातच (त्याच्या अधिकाराखालील प्रदेशातच) राहावे, पापक्षमापत्रांच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्यांचा व्यवसाय बंद व्हावा, प्रत्येक धर्मप्रांतात धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी सेमिनरी म्हणजे विद्यालय असावे, असे ते निर्णय होते. आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी इटलीतील मिलानमध्ये ते अमलात आणले. त्यांच्यापूर्वी सुमारे ऐंशी वर्षे तेथील आर्चबिशप शहरात राहतच नसत. बोरोमेओ मात्र डोंगराळ खेड्यांतील चर्चही स्वतः तपासत आणि १५७६ च्या प्लेगमध्ये शहर सोडून गेले नाहीत. विद्यार्थ्यांना हे एक उदाहरण तपशीलवार सांगितले, तरी कागदावरचा ठराव आणि प्रत्यक्षातील बदल यांमधले अंतर त्यांना कळेल.

उत्तर २ (नळदुर्गचा वाचक)

दुसऱ्या शंकेचे उत्तर धर्मशास्त्रापेक्षा राज्यांच्या सीमांमध्ये आहे. पूर्वेकडील मिशन पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखाली होते. बिशपची नेमणूक राजाच्या शिफारशीने होई, मिशनचा खर्च राजा करी आणि धर्मगुरू त्याच्याच जहाजांतून येत. त्यामुळे वसई, चौल, साष्टी, बारदेश अशा पोर्तुगीज अमलाखालील भागांत मिशनची पकड घट्ट होती. आपला प्रदेश मात्र निजामशाही, बरीदशाही आणि आदिलशाही यांच्यात विभागलेला होता, आणि तेथे त्या राजाचा हुकूम चालत नव्हता.

या आश्रयाची किंमत गोव्याच्या जनतेने मोजली. १५६० पासून तेथे इन्क्विझिशन (धर्मविरोधी ठरवलेल्यांना शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय) सुरू झाले आणि १५६६-६७ च्या सुमारास साष्टी-बारदेशातील देवळे पाडली गेली. ट्रेंटचे निर्णय लागू करण्यासाठी १५६७ मध्ये गोव्यात प्रांतीय धर्मसभा भरली. तिने बळजबरीच्या धर्मांतराला विरोध नोंदवला, पण हिंदूंच्या सार्वजनिक धर्मविधींवर राजाने बंदी घालावी अशी मागणीही केली. मिलानची शिस्त आणि गोव्याची सक्ती यांना दोन निराळ्या कथा मानून शिकवणे मला पटत नाही, कारण दोन्ही ठिकाणी त्याच परिषदेचे ठराव लागू केले जात होते.

हा गुंता रोमलाही जाणवला होता. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी मिशनच्या कामासाठी प्रोपागांडा फिदे हे स्वतंत्र खाते काढले. या खात्यानेच आपल्या मुलखाकडे नजर वळवली. गोव्याजवळच्या दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळात जन्मलेले मातेउश द कास्त्रु यांना गोव्याच्या चर्चने धर्मगुरूची दीक्षा नाकारली. ते रोमला गेले, तेथे शिकले, धर्मगुरू झाले आणि १६३७ मध्ये बिशप म्हणून अभिषिक्त झाले. पुढे त्यांना आदिलशाही मुलखाची जबाबदारी मिळाली. म्हणजे आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल बांधणाऱ्या राज्यासाठी रोमने नेमलेला बिशप भारतीय होता. गोव्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही, आणि त्यांचे कार्य मुख्यतः तेव्हा आदिलशाहीत असलेल्या डिचोलीच्या परिसरापुरते राहिले. १६७७ मध्ये ते रोममध्येच वारले. बाहेरच्या शत्रूपेक्षा चर्चमधील अधिकारांच्या या भांडणाने मिशनला जास्त रोखले, असे मला वाटते.

उत्तर ३ (पैठणकर)

चळवळ येथे आली नाही, हे खरे. पण येथील वाङ्मयपरंपरा तिच्यापर्यंत पोहोचली होती. आमचे नाथमहाराज (संत एकनाथ) पैठणला ओवीतून भागवत सांगत होते त्या काळातच, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापलेल्या त्याच्या ख्रिस्तपुराणाची रचना दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांची आहे, मात्र ते छापले गेले रोमन लिपीत. १६८४ मध्ये त्याच गोव्यात, स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असा व्हाइसरॉयचा हुकूम निघाला. एकाच सत्तेखाली सत्तर वर्षांच्या आत या दोन गोष्टी घडल्या, हे विद्यार्थ्यांना जरूर दाखवावे.

आणखी एक धागा छत्रपती संभाजीनगरमध्येच सापडेल. सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे तेथील शाळेचे नाव आपण नेहमी ऐकतो. हे बिशप नेमके याच काळातले. त्यांचा धर्मप्रांत जिनिव्हाचा होता, पण शहर प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या अनुयायांकडे असल्यामुळे त्यांना जवळच्या अनेसी शहरात राहावे लागले. तरुणपणी शाब्ले प्रांतात लोक त्यांचे प्रवचन ऐकायला येत नसत, तेव्हा ते हाताने लिहिलेली पत्रके घरांच्या दारांखालून सरकवत. त्यांच्या नावाचा मिशनरी संघ १८३८ मध्ये अनेसीतच स्थापन झाला, आणि त्याचे धर्मगुरू १८४५ नंतर विशाखापट्टणम आणि नागपूरमार्गे मध्य भारतात काम करू लागले. त्यांना पोर्तुगालच्या राजाने नव्हे, तर वर उल्लेख आलेल्या प्रोपागांडा फिदेने पाठवले होते.