'मध्य नाडी' लिहिलं तर पत्रिका जुळवताय का म्हणतात! सेंट्रल चॅनलला मराठीत काय म्हणायचं?

मेथांबा: राजारामपुरीत आमचा योगा क्लास आहे, त्याचं इंग्लिश पत्रक मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सटल एनर्जी सेंट्रल चॅनलमधनं वर चढते असं काहीतरी आहे. मी लिहिलं 'सूक्ष्म ऊर्जा मध्य नाडीतून वर जाते' आणि आत्यांना वाचून दाखवलं तर त्या म्हणे, मध्य नाडी कुणाची, मुलाची का मुलीची? दोघांची एकच असली तर ३६ मधले ८ गुण तिथंच गेले! मग 'मध्यवर्ती वाहिनी' केलं तर ह्यांना टीव्ही आठवला. काय करू?

पेठेतला: पाण्याच्या योजनेसारखं थेट पाइपलाइन म्हणा की, कोल्हापुरात कुणाला समजावून सांगायला नको.

जुनंवळण: सुषुम्णा हा शब्द असताना हा खटाटोप कशाला? आणि ण आहे, न नव्हे. हठयोगप्रदीपिका ह्या योगावरच्या जुन्या ग्रंथाच्या तिसऱ्या उपदेशात पर्याय पण दिलेत: शून्यपदवी, ब्रह्मरंध्र, महापथ, श्मशान, शांभवी, मध्यमार्ग. ते 'ऊर्जा' पण काढा, प्राण लिहा. ऊर्जा म्हटलं की सोलर पॅनेल दिसतं.

पेठेतला: श्मशान घालाच, दुसऱ्या दिवशी क्लासला कुत्रं फिरकायचं नाही.

मेथांबा: सुषुम्ना (न च राहू दे आता) लिहून बघितलं हो. एका बाईंनी विचारलं, एमआरआयमध्ये दिसते का? आणि नुसतं नाडी म्हटलं की मनगट पुढं करतात, नाहीतर परकराची आठवते.

मसालाभात: ज्ञानोबांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीला कुंकवात न्हालेलं नागाचं पिल्लू म्हटलंय. सातशे वर्षांपूर्वी जमलं ते आपल्याला ऊर्जा-वाहिनी केल्याशिवाय जमंना होय?

दारंवाला: आमच्याकडं उसाला पाणी पाजताना दोन्हीकडच्या सऱ्यांची दारं बांधली की दंडातलं, म्हंजे मधल्या पाटातलं, पाणी सरळ पुढं पळतंय. इडा पिंगळा ह्या दोन्हीकडच्या नाड्या थांबल्या की मधल्या वाटंनं प्राण जातोय म्हणत्यात ते ह्येच की. 'मधला दंड' लिवा. मेरुदंडातला दंड बी त्योच असणार.

जुनंवळण: अहो मेरुदंडातला दंड म्हणजे काठी. पाण्याच्या पाटाचा काय संबंध? उगाच काहीही व्युत्पत्ती!

दारंवाला: काठीगत सरळ असतोय म्हणूनच दंड म्हणत असतील की. तुम्ही कधी दंडात उभारलाय का?

मसालाभात: व्युत्पत्तीवरनं आठवलं, 'इडापिडा टळो' मधली इडा म्हणजे हीच नाडी, असं आमची आई छातीठोक सांगते.

जुनंवळण: आईंना नमस्कार, पण ती पीडा. इडा नुसती जोडीला आली, भाकरीबिकरीसारखी.

पेठेतला: मग पिंगळा कुठला? आमच्या गल्लीत पहाटे कंदील घेऊन यायचा, आज्जी सुपातनं जोंधळे घालायची, आम्ही भिऊन वाकळंत.

मसालाभात: तो पिंगळा वेगळा, आणि एक पक्षी पण आहे. लहान घुबड. आमच्या आंब्यावर जोडी आहे बघा.

पेठेतला: फोटो टाका की!

मेथांबा: अहो उद्या सकाळी छापायला द्यायचंय.

दारंवाला: ताई, दंडच घाला, काय हुईत न्हाई. लाइट आली, मोटर चालू कराय निघालो. 'दांड' का 'दंड' ते सकाळी भांडू.