फ्लेक्सवर काय छापू: ॲस्ट्रोनॉट, कॉस्मोनॉट की अंतराळवीर?

कळव्याचा डीटीपीवाला
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा फ्लेक्स करतोय. सरांच्या मजकुरात गागारिन आणि राकेश शर्मा 'कॉस्मोनॉट', आर्मस्ट्राँग 'ॲस्ट्रोनॉट', शुभांशु शुक्ला 'गगनयात्री'. मी सरसकट 'अंतराळवीर' करून प्रूफ पाठवलं, तर सर म्हणतात, "शब्द बदलू नका, त्यात इतिहास आहे." कसला इतिहास? आणि हे शेपटाचं 'नॉट' कुठलं? उद्या छापायला टाकायचंय.

चेंदणीकर
सरांचं ऐका. 'नॉट' म्हणजे ग्रीक 'नाउतेस', खलाशी. संस्कृत 'नौ' आणि ग्रीक 'नाउस' एकाच मुळातले, म्हणजे आपले नाव, नाविक त्याच कुळातले. आमचं घर चेंदणी कोळीवाड्यातलं, आजा खाडीत होडी घालायचा. हे वाचलं तेव्हा मला भलताच आनंद झाला होता! 'ॲस्ट्रॉन' तारा, 'कॉसमॉस' विश्व. बलूनमधून उडणाऱ्यांना आधीपासून 'एरोनॉट' म्हणतच, त्याच साच्यातले हे दोन्ही. नासाने १९५९ मध्ये पहिले सात ॲस्ट्रोनॉट जाहीर केले, १९६१ ला गागारिन जाऊन आला तो कॉस्मोनॉट. अमेरिका आणि सोव्हिएत रशियातली चुरस एवढी की शब्दही एकमेकांचा घेतला नाही. शर्मा १९८४ ला सोव्हिएत सोयूझ टी-११ यानातून सॅल्यूट-७ या त्यांच्या अंतराळ स्थानकावर गेले, म्हणून त्यांच्या नावापुढे रशियन शब्द.

वाशी सेक्टर सतरा
'गगनयात्री' हा गगनयान मोहिमेचा शब्द. फेब्रुवारी २०२४ मध्ये चार नावं जाहीर झाली, त्यात शुक्ला होते. २०२५ ला ते आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले ते मात्र अमेरिकी यानातून. आता तुमच्या सरांच्या हिशेबाने त्यांना काय म्हणायचं?
माझं मत विचाराल तर अंतराळवीरच बरा. 'यात्री' म्हटलं की मला पंढरपूरची एसटी दिसते. एवढ्या इंधनाच्या टाकीवर बसून वर जाणारा माणूस वीर नाही तर काय?

कळव्याचा डीटीपीवाला
पटलं, शब्द सरांचेच ठेवतो. वर मथळ्यात मोठ्या अक्षरात 'अंतराळवीर' टाकतो. आता चीनच्या यांग लिवेईची चौकट राहिली. 'टायकोनॉट' चालेल?

चेंदणीकर
२००३ ला अंतराळात गेला तोच ना? टायकोनॉट हे बाहेरच्यांनी केलेलं जोडकाम, अंतराळाचा चिनी शब्द 'थायखोंग' आणि मागे तेच ग्रीक शेपूट. त्यांचा स्वतःचा शब्द 'हांगथ्येनयुआन'. चौकटीत मावतो का बघा.