मदत हवी आहे: ऑक्सिजन सेन्सर बदलूनही 'लीन'चा कोड परत येतोय

नमस्कार मंडळी,

पेट्रोल गाडी, ९ वर्षं जुनी. चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी. गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला. चार दिवस दिवा गप्प, पाचव्या दिवशी हजर. आणखी पैसे घालण्याआधी हे प्रकरण मला एकदा समजून घ्यायचंय.

माझी समजूत अशी. पंप रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) साधारण ३ बार दाबाने पेट्रोल भरून ठेवतो. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी बारीक तोटी. दाब ठरलेला, म्हणून पेट्रोल किती पडणार हे तोटी किती वेळ उघडी राहते त्यावर. माझ्याकडे आयडलिंगला ३ मिलिसेकंदांच्या आसपास दिसतं. हवा मास एअरफ्लो सेन्सर मोजतो, आणि इंजिन तापलेलं असलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल या हिशोबाने वेळ काढतो.

मग हवा मोजूनच पेट्रोल पडत असेल, तर मिश्रण चुकतं कसं? आणि फ्यूएल ट्रिम कसा वाचायचा? एसी बंद, इंजिन गरम: आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने शिकून ठेवलेला) +२३, २५०० आरपीएमला धरून ठेवलं की +६.

प्रतिसाद १:
हे दोन आकडे सेन्सर बदलायच्या आधी बघायला हवे होते हो! ट्रिम म्हणजे ईसीयूने स्वतःच्या हिशोबात केलेली दुरुस्ती. +२३ म्हणजे ठरल्यापेक्षा २३ टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतंय. ऑक्सिजन सेन्सर फक्त धुरातला उरलेला ऑक्सिजन सांगतो, निरोप्या बिचारा.

हवा चुकते ती मोजणीच्या पुढे. सेन्सर आणि सिलिंडर यांच्यामध्ये कुठे चीर असेल तर तिथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. आयडलिंगला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ मिटलेला, मॅनिफोल्डमध्ये (त्यापुढच्या, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जबरदस्त आणि एकूण हवा थोडी, म्हणून चोरवाटेचा वाटा मोठा. २५०० ला मोजून येणारी हवा कितीतरी वाढते, वाटा घटतो, ट्रिम खाली येतो. पंप थकला असता तर उलट झालं असतं: जोर लावल्यावर ट्रिम वर.

(मॅप सेन्सरवाल्या, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा ठरवणाऱ्या गाडीत हे गणित लागू नाही. तिथे चोरून आलेल्या हवेचाही दाब मोजला जातो, त्यामुळे बहुतेकदा नुसतं आयडलिंग चढतं.)

पीसीव्हीची नळी (इंजिनातली तेलकट वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी), ब्रेक बूस्टरची नळी (मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची) आणि थ्रॉटलच्या आधीचा रबरी बेलो बघा. बेलोच्या घड्या बोटांनी उघडून बघा, वरून भेग दिसत नाही. शक्य असेल तर स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून शोधायच्या फंदात पडू नका, पेट घेतो.

धागाकर्ता:
सापडलं! पीसीव्हीची नळी, मॅनिफोल्डकडच्या वळणावर. तेलाने रबर फुगून मऊ झालं होतं, दाबल्यावर खालच्या बाजूला ओठासारखी चीर उघडली. नळी बदलली, कोड पुसला, दोन दिवस गाडी फिरवली. आयडलिंगला ट्रिम +३.

जुना ऑक्सिजन सेन्सर अजून डिकीत पडलाय. तो धडधाकटच होता म्हणायचा का?

प्रतिसाद १:
बहुतेक. पुसून डब्यात ठेवा.