स्टेपनी खाली येईना, टॉमी नुसतीच फिरालीय

घाटातला_पिकअप
मंडळी जरा मदत करा. सेकंडहॅन्ड पिकअप घेऊन आठ महिने झाले, मार्केट यार्डातनं गूळ भरून रत्नागिरीला जाणं-येणं चालू असतंय. परवा रात्री आंबा घाटाच्या अलीकडं मागचा डावा टायर बसला. स्टेपनी हौद्याच्या खाली वायरला लटकवलेली असते तसलीच आहे, बंपरच्या वरच्या भोकातनं टॉमी (स्टेपनी उतरवायची लोखंडी सळई) आत घातली आणि फिरवतोय फिरवतोय, आतनं कर्रर कर्रर आवाज येतोय पण स्टेपनी काय जागची हालेना. शेवटी ओळखीच्या गाडीवाल्याला फोन करून त्याची स्टेपनी उसनी आणली तेव्हा सुटलो, पहाटेचे ४ वाजले. आता गॅरेजवाला म्हणतोय गॅस कटरनं वायर तोडून टायर पाडू आणि विंच, म्हणजे ती वायर गुंडाळणारी चकतीच, अख्खा नवीन टाकू. दुसरा काय उपाय हाय का बघा की.

रंकाळ्याचा_वारा
घाल एक लाथ, येतंय खाली 😀

जुना_फिटर_उद्यमनगर
लाथेनं बी येतंय कधी कधी, पण तुझ्या पायावर येईल भावा. रिमसकट पंचवीस-तीस किलोचं धूड असतंय ते, त्यामुळं पहिली गोष्ट म्हणजे खाली झोपून काय करायचं नाही, बाजूनं वाकून बघायचं.
आता आधी नक्की काय अडकलंय ते शोध. एकाला टॉमी फिरवायला लाव आणि तू बाजूनं मोबाईलची बॅटरी मारून वर बघ. टॉमी फिरतेय पण विंचचा दांडा फिरत नाही, म्हणजे टोक नाहीतर खाचा गोल झाल्यात, टॉमी आत घसरालीय. दांडा फिरतोय पण वायर गुंडाळलेला ड्रम जागेवरच, म्हणजे आतले गियर गेले. आणि ड्रम पण फिरतोय, वायर ढिली पडलीय आणि टायर तसाच वर, तर टायर चिकटलाय. आपल्याकडं हे तिसरं लई. पावसाळाभर तांबडा चिखल उडतोय, रिम आणि वरच्या ब्रॅकेटच्या मधी बसतोय, उन्हाळ्यात त्याची वीट होतीया, वर गंज. वर्ष वर्ष स्टेपनी कोण उतरवतंय?

शिरोलीकर
टॉमी गाडीचीच हाय का? सेकंडहॅन्ड गाडीत निम्मी हत्यारं दुसऱ्याच गाडीची असतात. आणि अजून एक, चोरीच्या भीतीनं बरेच जण स्टेपनीला साखळी-कुलूप नाहीतर बाइंडिंग वायर मारून ठेवतात. माझ्या गाडीला आधीच्या मालकानं अशीच तार गुंडाळली होती, मी दोन तास विंचला शिव्या घालत होतो.

घाटातला_पिकअप
तार-कुलूप काय नाही, बघितलं. पण टॉमीचं शिरोलीकर दादा तुम्ही बरोबर बोलला, टोक पार गोल झालंय आणि त्या खाचेत सैल पण होतंय, कर्रर आवाज त्याचाच असणार. पण वायर वर दिसतच नाही, टायर एकदम चिकटून आहे. डब्ल्यूडी फॉर्टी, ते गंज सोडवायचं स्प्रेचं तेल, मारलं तर?

जुना_फिटर_उद्यमनगर
मार की, पण मारून पाच मिनिटात टॉमीला लोंबकळू नको. संध्याकाळी मार, सकाळी परत मार. विंचच्या दांड्यावर आणि रिमच्या मधल्या भोकात जिथं वायरच्या टोकाची पट्टी अडकते तिथं. त्याआधी पाण्याच्या प्रेशरनं चिखल धुवून काढ, चिखलावर मारलेलं तेल चिखलच पितोय.
टॉमीचं टोक इथं कुठल्याही लेथवाल्याकडनं करून घे, खाचेचं माप नेऊन दे, अर्ध्या तासाचं काम.
मग गाडी सपाट जागेवर घे, हँडब्रेक, गियरमधी टाक, चाकांना दगडाची ओट लाव. टॉमी उलटी फिरवून वायर वीतभर ढिली कर, जास्त नको, नाहीतर ड्रमवर गुंता होतोय आणि तो सोडवता सोडवता आज्जी आठवतीया. मग टायरच्या खाली बॉटल जॅक ठेव, मधी लाकडाची फळी, आणि टायर वर ढकल. खाली नव्हं, वर. चिकटलेलं वर ढकललं की कड्ड करून सुटतंय. मग जॅक हळूहळू सोडायचा, टायर जॅकबरोबर खाली येतोय. काही मोठ्या पिकअपमधी वायर तुटली तर टायर रस्त्यावर पडू नये म्हणून वेगळा खटका असतोय, तो अडकला तरी हीच युक्ती.

रंकाळ्याचा_वारा
आणि गॅस कटरचं काय? दहा मिनिटात काम होतंय की.

जुना_फिटर_उद्यमनगर
नको बाबा. हवा भरलेला टायर, त्याच्या रिमजवळ ज्वाला, आतली हवा तापली की टायर फुटतोय, माणसं मेलीत असल्यानं. वर ब्रेकचे पाइप आणि डिझेलची टाकी पण लांब नसतीया. तोडायचीच वेळ आली तर आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोड, टायरखाली जॅकचा टेका दे आणि हॅक्सॉनं नाहीतर हातानं चालवायच्या वायर कटरनं वायर तोड. वेळ जातोय, पण चालतंय.

घाटातला_पिकअप
अपडेट. आली खाली!! टॉमीचं टोक काल करून घेतलं, दोन दिवस डब्ल्यूडी फॉर्टी मारलं होतं. वायर ढिली झाली, टायर तसाच. फळी लावून जॅक मारला तर एवढ्या जोरात कड्ड झालं की शेजारचे काका चहा ठेवून बाहेर आले. घमेलंभर माती निघाली मधनं. विंच चांगला चालतोय, पण पट्टीजवळ वायरचे दोन-तीन पीळ तुटलेत, तिथं गाठ मारली तर चालंल का?

जुना_फिटर_उद्यमनगर
गाठ अजिबात नको, ड्रमवर बसत नाही आणि सरकतीया. वायर बदल, ती वेगळी मिळाली नाही तर मग विंच घे. तोपर्यंत स्टेपनी हौद्यात दोरीनं बांधून ने. नवीन बसवल्यावर वायरला ग्रीस लाव आणि दर दोन महिन्यांनी एकदा खाली-वर कर, त्या निमतानं हवा पण बघून होतीया.

घाटातला_पिकअप
हवेचं नावच काढू नका. पंक्चरवाल्यानं लावून बघितलं, स्टेपनीत हवा शून्य. आणि टायर असला गुळगुळीत की बोट घसरतंय. म्हणजे त्या रात्री घाटात उतरली असती तरी मी तिथंच बसलो असतो.

जुना_फिटर_उद्यमनगर
व्हॉल्व्हची पिन काढायचं काम वाचलं म्हण की 😀