मदत हवी आहे: पेट्रोलपेक्षा डिझेलचेच भाव जास्त का भडकतात?

कच्चं तेल एकच, मग 2022 मध्ये युक्रेन युद्ध पेटल्यावर जागतिक बाजारात डिझेल पेट्रोलच्या एवढं पुढे का गेलं? वाचून कळलं ते असं: डिझेल, विमानाचं इंधन आणि थंड देशांत घरं तापवायचं तेल, हे सगळं पिंपातल्या साधारण एकाच भागातून निघतं. त्यात 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 वरून 0.5 टक्क्यांवर आली, म्हणजे कमी गंधकाच्या डिझेलसारख्या तेलाला तिथूनही मागणी वाढली. ट्रक-ट्रॅक्टर तर भाव चढले म्हणून उभे ठेवता येत नाहीत.

अडतंय ते इथे: रिफायनरीला पेट्रोल कमी करून डिझेल जास्त काढता येत नाही का? हायड्रोक्रॅकर (जड तेल हायड्रोजनच्या मदतीने तोडून हलकं इंधन बनवणारं युनिट) असेल तर कितपत फरक पडतो? या क्षेत्रातल्या कुणी जरा सविस्तर सांगाल का? मालवाहतूक महागली की सगळंच महागतं, म्हणून मनापासून विचारतोय.