फ्रान्समध्ये भाड्याने घर: एक वर्षाचा, ९ महिन्यांचा की ‘बाय मोबिलिते’?

प्रश्न

सप्टेंबरपासून ल्योंमध्ये मास्टर्स आहे. वर्ग मेअखेर संपतात. पुढची इंटर्नशिप कोणत्या शहरात मिळेल ते आत्ता सांगता येत नाही. १९ चौरस मीटरचा फर्निचरसह स्टुडिओ पाहिलाय. भाडं ६२० युरो, वर ५० युरो शार्ज (पाणी, जिन्याची साफसफाई वगैरे). मालक तीनपैकी कोणताही करार करायला तयार आहे: एक वर्षाचा, ९ महिन्यांचा विद्यार्थी करार किंवा १० महिन्यांचा ‘बाय मोबिलिते’ (शिक्षण, बदली वगैरेंसाठीचा अल्पमुदतीचा करार). मोबिलितेवर एक महिन्याचं डिपॉझिट मागतोय. आपल्याकडच्या ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्समध्ये असतो तसा लॉक-इन इथे असतो का? वर्षाचा करार करून जूनमध्ये निघालो तर उरलेलं भाडं भरावं लागेल?

प्रतिसाद १

नाही भरावं लागणार. आपल्याकडून जाणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. फ्रान्समध्ये राहत्या घराच्या कराराची मुदत मुख्यतः मालकाला बांधते, भाडेकरूला नाही. ६ जुलै १९८९ च्या कायद्यानुसार फर्निचरसह घर (‘मब्ले’) भाडेकरू एक महिन्याची नोटीस देऊन कधीही सोडू शकतो, कारण सांगावं लागत नाही. मालकाला मात्र मुदत संपण्याच्या किमान ३ महिने आधी नोटीस द्यावी लागते, तीही घर विकायचंय, स्वतःला राहायला हवंय किंवा तसंच गंभीर कारण असेल तरच. नाहीतर करार आपोआप पुढे चालू राहतो.

९ महिन्यांचा विद्यार्थी करार मुदत संपली की संपतो, मालकाला नोटीसही द्यावी लागत नाही. मोबिलितेचंही तेच. इंटर्नशिप ल्योंमध्येच मिळाली तर मे किंवा जूनअखेर नवं घर शोधत फिराल. म्हणून तुमच्या बाबतीत एक वर्षाचा मब्लेच घ्या.

मोबिलितेवरचं डिपॉझिट सरळ बेकायदा आहे. २०१८ च्या एलां कायद्याने हा करार आणला तेव्हाच त्यात डिपॉझिटला मनाई केली. मब्लेवर जास्तीत जास्त दोन महिने, तेही शार्ज सोडून: म्हणजे १,२४० युरो, १,३४० नव्हे. (रिकाम्या घराला एकच महिना, पण तो करार ३ वर्षांचा असतो आणि पलंगापासून सगळं विकत घ्यावं लागतं. एका वर्षासाठी त्यात पडू नका.)

प्रतिसाद २

वरच्या मताशी सहमत, पण मोबिलितेला उगाच वाईट ठरवायला नको. पुण्याची कंपनी सहा महिन्यांसाठी पाठवते तेव्हा तो उत्तम. मुदत १ ते १० महिने, शार्जची रक्कम ठरलेली असल्यामुळे वर्षअखेरीस हिशेबाचं बिल येत नाही, आणि घर वाटून घेतलं तर सोबतच्या भाडेकरूने थकवलेलं भाडं तुमच्या गळ्यात पडत नाही, कारण तसं कलम या करारात टाकताच येत नाही. मात्र शिक्षण, इंटर्नशिप, बदली यांपैकी तुमचं कारण करारात लिहिलेलं हवं. मुदत एकदाच वाढवता येते, एकूण १० महिन्यांच्या आतच.

जामीनदार नसेल तर ‘विझाल’ (भाड्याची हमी देणारी योजना) घ्या. फुकट आहे, पण प्रमाणपत्र करारावर सही करण्याआधी हातात हवं. त्यावर जास्तीत जास्त किती भाडं चालेल तो आकडा असतो. शार्जसह ६७० त्यात बसतात का ते आधी बघा.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. नोटीस ईमेलने चालते?

प्रतिसाद ३

नाही, व्हॉट्सअ‍ॅपनेही नाही. रीतसर मार्ग तीन: पोचपावतीचं रजिस्टर्ड पत्र, मालकाच्या हातात देऊन सही-तारखेसह पोच, किंवा ‘कोमिसेर द झ्युस्तिस’ (आपल्याकडच्या बेलिफासारखा अधिकारी) मार्फत. महिना मोजायचा तो पत्र मिळाल्यापासून, टाकल्यापासून नाही. १७ मे रोजी मिळालं तर १७ जूनपर्यंतचं भाडं तुमच्याकडे. मालक गावाला गेला आणि पोस्टातून पत्र उचललंच नाही तर मुदत सुरूच होत नाही. म्हणून शक्य असेल तर हातात देऊन सही घ्या.

किल्ली घेताना ‘एता दे लिय’ (घराच्या स्थितीचा पंचनामा) घाईत उरकू नका. नळ सोडून बघा, शेगडीची प्रत्येक प्लेट तापवा, भिंतीवरचा प्रत्येक खिळा लिहून घ्या, फोटो काढा. राहिलेलं काही १० दिवसांत लेखी जोडून घेता येतं. हीटिंगबद्दल मात्र थंडीत ते सुरू झाल्यावर पहिला महिनाभर. निघतानाची स्थिती याच्याशी जुळली तर डिपॉझिट एका महिन्यात परत, नुकसान निघालं तर दोन महिन्यांत. त्यापुढे उशीर झाला तर उशिराच्या सुरू झालेल्या प्रत्येक महिन्यामागे मूळ भाड्याच्या १० टक्के, म्हणजे ६२ युरो जादा मिळतात. पण त्यासाठी तुमचा नवा पत्ता मालकाला लेखी दिलेला असायला हवा.

आणि ल्योंमध्ये १ नोव्हेंबर २०२१ पासून भाड्यावर कमाल मर्यादा आहे. करारात ‘लुआये द रेफेरांस माझोरे’ हा कमाल भाड्याचा दर प्रति चौरस मीटर लिहिलेला असतो. त्याला १९ ने गुणा. उत्तर ६२० पेक्षा कमी आलं, आणि ‘काँप्लेमां द लुआये’ या नावाखाली जादा रकमेचं कारण दिलेलं नसेल, तर सही करण्याआधी मालकाला विचारा.