मदत हवी आहे: भाषांतराचं बिल अडकलंय, एजन्सी जीएसटी नंबर मागतेय

कोरा_कागद (धागाकर्ते)
नमस्कार. पुढच्या मे अखेरीला निवृत्त होतोय. पेन्शनला जोड म्हणून घरबसल्या इंग्रजी-मराठी भाषांतर सुरू केलंय. पहिलं मोठं काम पोचतं केलं, आता एजन्सीच्या पोर्टलवर बिल चढवायचंय तर जीएसटी नंबर भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. त्यांच्या अकाउंट्सच्या बाई म्हणतात नंबर काढून घ्या. काढू का? किती दिवस लागतात? शिवाय पैसेही कमी लावलेत. 11,200 शब्द, 90 पैसे दर, म्हणजे 10,080 व्हायला हवेत. पीओ (कामाची लेखी ऑर्डर) आलाय 8,775चा. बिल 25 तारखेच्या आत गेलं नाही तर पुढच्या महिन्यात ढकलतात, तेव्हा लवकर सांगा. "सीएला विचारा" एवढंच सांगायचं असेल तर कृपया नको.

ताळेबंद
एजन्सी भारतातली की बाहेरची? वर्षभरात एकूण किती बिलं होतील? घर भाड्याने दिलंय का? हे कळल्याशिवाय उत्तर देणं म्हणजे अंधारात तीर.

यूट्यूब_गुरुजी
काका, भाषांतर आता मशीनच करतं, त्यात पडू नका. चॅनेल काढा. 500 सबस्क्रायबर, 90 दिवसांत तीन व्हिडिओ आणि वर्षात 3,000 तास पाहणी झाली की मेंबरशिपसारखी दारं उघडतात. जाहिरातींच्या पैशासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि 4,000 तास. अनुभव आहे तुमच्याकडे, बोला फक्त!

कोरा_कागद
एजन्सी बंगळुरूची. वर्षाला दीड-दोन लाखांच्या वर काही जाणार नाही. भाड्याचा काय संबंध? आणि मला चॅनेल काढायचं नाहीये.

ताळेबंद
संबंध आहे. जीएसटीत मर्यादा मोजतात ती एकूण उलाढालीवर, आणि राहत्या वापरासाठी दिलेल्या घराचं भाडं करमुक्त असलं तरी त्या बेरजेत धरतात. पगार आणि पेन्शन धरत नाहीत. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. "दुसऱ्या राज्यात सेवा दिली की नोंदणी सक्तीची" असं कोणी सांगेल, पण ते मालाचं. सेवांना 2017च्याच अधिसूचनेने 20 लाखांपर्यंत सूट आहे, ग्राहक बंगळुरूचा असो की गुवाहाटीचा.

तेव्हा नंबर काढू नका. स्वखुशीने काढलात तर पहिल्या रुपयापासून 18 टक्के लावायचे, काम असो-नसो रिटर्न भरायचं, शून्य रिटर्नलाही उशीर झाला तर रोजचा दंड, आणि सोडायचं म्हटलं तर रद्द करण्याचा अर्ज आणि वर शेवटचं वेगळं रिटर्न. दोन लाखांसाठी हा उपद्व्याप कशाला?

पोर्टलचं म्हणाल, तर बहुतेक ठिकाणी "व्हेंडर टाइप" नावाचा रकाना आधी येतो. तिथे "रजिस्टर्ड" निवडलं गेलं असेल तर खाली जीएसटी नंबर सक्तीचा होतो. "अनरजिस्टर्ड" किंवा "इंडिव्हिज्युअल" करा. ते कुलूपबंद असेल तर बाईंना लिहा की व्हेंडर मास्टरमध्ये (त्यांच्या पुरवठादारांच्या यादीत) यूआरपी, म्हणजे नोंदणी नसलेली व्यक्ती, करून द्या. सोबत एक पानी डिक्लरेशन लागतं: नाव पॅनवर आहे तस्सं, पॅन, पत्ता, "माझी उलाढाल विहित मर्यादेच्या आत असल्याने मी जीएसटीखाली नोंदणीकृत नाही, नोंदणी झाल्यास कळवीन", सही, तारीख. स्टॅम्प पेपर नको.

बिलावर "टॅक्स इनव्हॉइस" लिहू नका, नुसतं "इनव्हॉइस" किंवा "बिल". क्रमांक, तारीख, एजन्सीचं नाव-पत्ता आणि *त्यांचा* जीएसटी नंबर, पीओ क्रमांक, शब्द गुणिले दर, तुमचा पॅन, खाते क्रमांक, आयएफएससी. सॅक कोड (सेवेचा वर्गीकरण क्रमांक) मागितला तर भाषांतराचा 998395.

रफार
पैसे कमी नाही लावलेले, तुम्ही कच्चे शब्द मोजलेत. 8,775 भागिले 0.90 म्हणजे 9,750 "वेटेड" शब्द. एजन्सी फाइल कॅट टूलमध्ये (भाषांतराला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकते, ते मागच्या कामांच्या मेमरीशी ताडून बघतं. पूर्ण नव्या वाक्याला पूर्ण दर, जवळपास जुळणाऱ्याला कमी, आणि जसंच्या तसं पुन्हा येणाऱ्याला अगदीच थोडा. तुमच्या आकड्याला हे बसतं: 8,800 नवे पूर्ण दराने, 1,000 साठ टक्क्यांनी म्हणजे 600, आणि 1,400 पुनरावृत्ती पंचवीस टक्क्यांनी म्हणजे 350. बेरीज 9,750. टक्के प्रत्येकाकडे वेगळे असतात, तेव्हा माझी विभागणी अंदाजाची. "अ‍ॅनालिसिस लॉग" मागा, त्यात पट्टे दिसतील.

भांडायचंच असेल तर एका मुद्द्यावर भांडा. 100 टक्के जुळणारी वाक्यं तपासायची जबाबदारी तुमच्यावर टाकली असेल तर त्याचे शून्य पैसे चालणार नाहीत. आणि "मशीन भाषांतर नुसतं हातासरशी बघून द्या" असं काम आलं तर आधी पाच वाक्यांचा नमुना मागा. दर बहुतेकदा निम्म्यावर येतो, मेहनत निम्म्यावर येत नाही.

वर्तणूक_नियम
सगळे जीएसटी जीएसटी करतायत. "पेन्शन" आणि "मे अखेर", म्हणजे धागाकर्ते सरकारी नोकरीत आहेत का? तसं असेल तर मुख्य प्रश्न वेगळाच आहे.

कोरा_कागद
हो, राज्य शासन, वर्ग दोन. पण काम घरी, रात्री, स्वतःच्या लॅपटॉपवर करतो. ऑफिसचा काय संबंध?

वर्तणूक_नियम
महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979, नियम 16 वाचा. पूर्वमंजुरीशिवाय व्यापार-धंदा किंवा दुसरं काम करता येत नाही. घरी करता की कचेरीत, लॅपटॉप कोणाचा, याने फरक पडत नाही. जिल्हा परिषदेचे आणि बँकांचे नियम वेगळे, पण सूर तोच.

सांजवात
अहो, त्याच नियमात साहित्यिक, कलात्मक, शास्त्रीय कामाला सूट आहे. भाषांतर साहित्यिकच की. उगाच घाबरवू नका त्यांना.

वर्तणूक_नियम
सूट "अधूनमधून" केलेल्या कामाला आहे, आणि सरकारी कामात खंड पडू नये या अटीवर. काका नक्की कशाचं भाषांतर करतायत? कवितांचं असेल तर बोलू.

कोरा_कागद
वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका आणि एका अ‍ॅपचे मेनू.

वर्तणूक_नियम
"कपडे टाकण्यापूर्वी खिसे तपासा" हे साहित्य आहे असं चौकशी अधिकाऱ्याला पटवून दाखवा. एजन्सीशी करार, पीओ, दरमहा बिल, हे अधूनमधून नाही. कार्यालयप्रमुखांमार्फत सक्षम प्राधिकाऱ्याकडे परवानगीचा अर्ज करा: कामाचं स्वरूप, संस्था, आठवड्याचे तास, अंदाजे मोबदला, कार्यालयीन वेळ, साधनं आणि माहिती वापरणार नाही असं हमीपत्र. पोचपावती घ्या. उत्तर येईतो नवं काम घेऊ नका. पोचपावती म्हणजे परवानगी नव्हे, हेही लक्षात असू द्या.

बचतगट
ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला. 55 ते 60 वयात निवृत्त झालात तर निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं, ती मुदत चुकवू नका.

ताळेबंद
मुदतीची माहिती बरोबर आहे, पण त्यांनी गुंतवणूक विचारलीच नाही.

जुगाड
एवढं कशाला? वहिनींच्या नावाने बिल काढा. त्यांचा पॅन, त्यांचं खातं. विषय संपला.

वर्तणूक_नियम
संपला नाही, वाढला. घरातलं कोणी व्यापार-धंदा करत असेल तर ते शासनाला कळवायचं, हेही त्याच नियमात आहे. आणि एजन्सीची चाचणी, गोपनीयतेचा करार, ईमेल सगळं काकांच्या नावावर. काम एकाचं आणि बिल दुसऱ्याचं म्हणजे खोटं बिल. एजन्सीने पकडलं तर काम जाईल, खात्याने पकडलं तर निवृत्तीच्या तोंडावर चौकशी. चौकशी निवृत्तीपूर्वी सुरू झाली की ती पुढेही चालू राहते आणि उपदान (ग्रॅच्युइटी) अडकतं. दहा हजारांसाठी करू नये असा उद्योग.

ताळेबंद
जुगाडरावांना सविनय असहमत. शिवाय लपत काही नाही. एजन्सीने टीडीएस कापला की तो 26एएस आणि एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदींत) तुमच्या पगाराच्या शेजारी दिसतो. आयकराच्या कलम 194जेखाली व्यावसायिक फीवर 10 टक्के, 2025-26 पासून वर्षाला 50,000च्या वर गेल्यावर. काही एजन्स्या हे कंत्राट धरून 194सीखाली 1 टक्का कापतात. पॅन-आधार जोडलेलं नसेल तर 20 टक्क्यांचा दणका. 15एच देऊन हा टीडीएस थांबत नाही, तो फॉर्म व्याजासारख्या उत्पन्नाचा आहे. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू, या धाग्यातले कलमांचे आणि फॉर्मांचे आकडे जुन्या कायद्यातले, शोधताना गोंधळू नका.

आता रिटर्न. आयटीआर-1 चालणार नाही. कलम 44एडीएखाली निम्मी रक्कम उत्पन्न दाखवून आयटीआर-4 भरा, हिशोबाच्या वह्या ठेवायची कटकट नाही.

उलटतपासणी
थांबा. 44एडीए फक्त ठरावीक व्यवसायांना आहे: वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, हिशोबनीस, तांत्रिक सल्लागार वगैरे. भाषांतरकार त्या यादीत नाही.

ताळेबंद
"तांत्रिक सल्ला" मध्ये बसवतात बरेच जण.

उलटतपासणी
बसवतात म्हणून बसतं असं नाही. माहितीपुस्तिकेचं मराठी करणं हा सल्ला कसा? यादीत नसलेलं काम मग 44एडीखाली धंदा म्हणून 6 टक्क्यांनी दाखवा, असंही काही जण सांगतात. तेही मला ओढूनताणून वाटतं. दोन लाखांच्या जमेला खरा जमाखर्च मांडून आयटीआर-3 भरणं सगळ्यात निर्धोक: इंटरनेट, लॅपटॉपचा घसारा, शब्दकोश, सॉफ्टवेअर. पावत्या ठेवा.

त्याहून महत्त्वाचं, जे कोणी बोललं नाही. काका जुन्या करप्रणालीत असतील तर पगारदार म्हणून दरवर्षी रिटर्नमध्येच निवड बदलता येते. व्यवसायाचं उत्पन्न आलं की जुनी प्रणाली घ्यायला मुदतीत फॉर्म 10-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्यात परतलात की व्यवसायाचं उत्पन्न चालू असेतो पुन्हा जुन्यात जाता येत नाही. आणि साठीनंतर ज्येष्ठांना आगाऊ कर भरावा लागत नाही, ही सवलतही व्यवसायाचं उत्पन्न असलं की जाते. टीडीएस वजा जाता कर 10,000च्या वर निघत असेल तर हप्ते चुकवल्याचं व्याज लागतं. पेन्शनवाल्यांना हे हमखास उशिरा कळतं.

जुगाड
उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) तरी काढून ठेवा. फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. मग एजन्सीला 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात.

वर्तणूक_नियम
सेवेत असताना स्वतःच्या नावावर उद्यम! हे म्हणजे धंदा करतो असं स्वतःच सरकारी दप्तरी नोंदवून देणं. जूनमध्ये काढा, खुशाल.

कोरा_कागद
पोर्टलवर "अनरजिस्टर्ड" केलं, रकाना गेला. धन्यवाद ताळेबंद. पण बिल अजून चढत नाही, "नेम मिसमॅच" येतंय. आणि फाइलही परत आलीय. तपासणीच्या अहवालात "तऱ्हा", "पुऱ्या", "कोपऱ्यात" असे सगळे शब्द लाल. शब्द तर बरोबर आहेत!

ताळेबंद
पॅनवर पूर्ण नाव आणि बँकेत आद्याक्षरं असं आहे का? बिल, पॅन, खातं तिन्हीकडे एकच हवं. बँकेत केवायसी दुरुस्तीचा अर्ज द्या. तोवर रद्द केलेला चेक आणि पॅनची प्रत अकाउंट्सला मेल करून हाताने मंजूर करायला सांगा.

रफार
शब्द बरोबर, आतली अक्षरं वेगळी. हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, किंवा नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधताना मात्र एकाने दुसरा सापडत नाही. एजन्सीच्या शब्दसूचीत एक, तुमच्या फाइलीत दुसरा. स्टाइल गाइड काय म्हणतं बघा आणि शोधा-बदला करून सगळीकडे एकच करा. इनस्क्रिप्ट कळफलकात ऱ शिफ्ट धरून जे दाबल्यावर येतो. जुन्या श्रीलिपी फॉन्टातून बदलून घेतलेला मजकूर असेल तर हा घोळ हमखास, आणि रफारही एक अक्षर मागे-पुढे सरकलेला सापडेल. अ‍ॅपच्या मेनूत महिरपी कंसातला शून्य किंवा टक्क्याचं चिन्ह असेल तर ते मराठी करू नका, तिथे नंतर आकडा किंवा नाव बसतं.

सांजवात
अवांतर: ऱ्याचा विषय निघालाच आहे तर, "अ‍ॅप" की "ॲप"?

रफार
त्यातही हाच घोळ. अ, जोडक आणि चंद्र असं तिहेरी एक, आणि ॲ हे स्वतंत्र अक्षर दुसरं. नव्या कामात स्वतंत्र घ्या, पण एका फाइलीत दोन्ही नकोत.

यूट्यूब_गुरुजी
म्हणून म्हणत होतो, चॅनेल काढा. बोलताना जोडक लागत नाही.

उलटतपासणी
चॅनेलच्या जाहिरातींच्या पैशालाही नियम 16 लागतो, गुरुजी. वर पहिले पैसे 100 डॉलर साचल्याशिवाय सुटत नाहीत आणि पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो.

वर्तणूक_नियम
धागाकर्ते, परवानगीच्या अर्जाचं काय ठरलं? पीओवर तारीख कोणती आहे?

कोरा_कागद
बिल चढलं. ते तऱ्हाचं शोधा-बदला करताना "दर्या"चं पण "दऱ्या" झालं, ते कसं उलटवू?

रफार
कंट्रोल-झेड. फाइल बंद केली असेल तर पाठवण्याआधीची प्रत उघडा. आणि पुढच्या वेळी "सगळे बदला" नको, एकेक बघत जा. शोधण्याच्या चौकटीत जोडक पडलाच नाही, नुसता र आणि हलन्त गेला, म्हणून खरे रफारही बदलले. "सूर्या", "कार्यालय" हेही बघून घ्या.